कडुसं, कातरवेळ आणि एक परदेशी शब्द



मागच्या वेळी आपण गटातल्या अंतर्गत कर्जाच्या नोंदीवर बोललो होतो. आज बोलायचंय शब्दांवर. बचत गटाचं काम करणाऱ्यांनी शब्दांच्या भानगडीत कशाला पडायचं, असं कुणी म्हणेल. पण हा विषय आम्ही शोधून आणलेला नाही. तो गटाच्या बैठकीतच निघाला आणि दोन बैठका पुरला.

चैत्रातली गोष्ट. फुलंब्री तालुक्यातल्या आमच्या एका गटाची बैठक उन्हं उतरल्यावर एका सदस्याच्या ओसरीवर भरते. त्यांचीच अकरावीतली मुलगी इतिवृत्त लिहायला बसते, अक्षर वळणदार आहे तिचं. बचत गोळा झाली, सह्या-अंगठे चालले होते, तेवढ्यात ती मोबाइलमधून मान वर काढून म्हणाली, "ताई, इंग्रजीत किती गोड शब्द आहे बघा. ग्लोमिंग. दिवस मावळलाय पण अजून रात्र झाली नाही, त्या मधल्या उजेडाचं नाव. आपल्यात असा शब्दच नाही."

कोपऱ्यात तिची आजी वाती वळत बसली होती. हातातली वात न सोडता ती म्हणाली, "हाय की. कडुसं."

पोरीचा चेहराच उतरला. "आज्जी, तसं नसतं बोलायचं. गावंढळ वाटतं ते."

मग तिच्या आईनं सांगितलं. नववीत असताना पोरीनं गावावर निबंध लिहिला होता. त्यात 'कडुसं पडल्यावर गुरं गोठ्यात येतात' असं एक वाक्य होतं. वही परत आली तेव्हा 'कडुसं'भोवती लाल गोल आणि शेजारी 'अशुद्ध'. वर्गात ते वाक्य मोठ्यानं वाचलं गेलं आणि पोरं हसली. त्या दिवसापासून तिनं तो शब्द सोडला. नुसता सोडला नाही, घरात आजीच्या तोंडून आला की ती तिलाही टोकायची. हळूहळू आजी तिच्याशी मोजकंच बोलायला लागली.

आजीनं सगळ्यांदेखत विचारलं, "मंग आता ह्या येळंला काय म्हनावं म्हन्तीस, सांग."

पोरीला सांगता येईना. आम्ही बी.ए.ला मराठी विषय घेतलेला, पण उत्तर आम्हालाही चटकन सुचलं नाही. संध्याकाळ म्हणावं तर संध्याकाळ चार-पाचलाच सुरू होते. रात्र म्हणावं तर अजून समोरच्याचं तोंड दिसतंय. पुढच्या बैठकीला बघून येतो, असं म्हणून आम्ही वेळ मारून नेली. नंतर मात्र खरंच बसून वाचलं.

आधी त्या पाहुण्या शब्दाचं सांगतो. हजारेक वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत 'ग्लोम' असा शब्द होता. अर्थ, दिवस मावळतानाचा अंधुक उजेड. त्याचं नातं 'ग्लो' या शब्दाशी सांगतात. ग्लो म्हणजे मंद तेवणं. चुलीतला जाळ गेला तरी निखारा राखेतून लाल दिसत राहतो ना, तसं. दिवसाचा जाळ विझला आणि आभाळात निखारा उरला, त्याला ते लोक ग्लोमिंग म्हणायचे.

खरी गंमत पुढं आहे. इंग्लंडातल्या शहरी, पुस्तकी भाषेतून हा शब्द जवळपास निघून गेला. तो टिकला उत्तरेकडच्या स्कॉटलंडमध्ये, शेतकरी-मेंढपाळांच्या बोलण्यात. तिथली बोली शहरातल्या शिकलेल्या लोकांना अडाणी वाटायची. मग तिथंच रॉबर्ट बर्न्स नावाचा कवी झाला. जन्म 1759 चा. बाप खंडानं जमीन कसणारा, घर मातीच्या भिंतींचं, बापानं स्वतःच्या हातानं बांधलेलं. आईला जुनी गाणी पाठ होती आणि ती लेकराला म्हणून दाखवायची. या बर्न्सनं गावच्या बोलीत कविता लिहिल्या आणि त्याचं पहिलं पुस्तक 1786 साली निघालं. त्याच्यामुळे आणि स्कॉटलंडच्या इतर लिहिणाऱ्यांमुळे ग्लोमिंग पुन्हा पुस्तकात शिरला. आज इंग्रजी शिकणाऱ्या पोरी त्याला काव्यमय शब्द म्हणतात. पण तो आलाय गोठ्यातून आणि बांधावरून.

तिकडं या उजेडाला वेगळं नाव लागावं, याला आणखी एक कारण दिसतं. सूर्य बुडाल्याबरोबर अंधार होत नाही. तो खाली गेला तरी त्याचा उजेड वरच्या हवेला लागतो आणि तिथून विखरून आपल्यापर्यंत येतो. सूर्य क्षितिजाच्या 6 अंश खाली जाईपर्यंत, आभाळ मोकळं असेल तर, दिव्याशिवाय अंगणातलं काम करता येतं. आपल्याकडे सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, म्हणून हा उजेड 22 ते 25 मिनिटंच टिकतो. भाकरीचं पीठ मळून दोन-चार भाकरी थापल्या की संपला. स्कॉटलंड पार उत्तरेला, तिथं सूर्य तिरपा घसरत जातो. जूनमध्ये हाच उजेड पाऊण तासाहून जास्त राहतो आणि त्यानंतरही रातभर आभाळ पुरतं काळं होत नाही. एवढा वेळ रेंगाळणाऱ्या उजेडावर गाणी होणारच.

आपला उजेड थोडका, पण तो मोजायला आपल्याकडे माप होतं. दिवस-रात्रीच्या मिळून 60 घटका, म्हणजे एक घटका 24 मिनिटांची. सूर्य बुडल्यापासून अंगणात दिसेनासं होईपर्यंत साधारण एक घटका जाते. घटका हा शब्द घटिकेवरून आला, घटिका म्हणजे लहान घट. बुडाशी बारीक भोक असलेली वाटी पाण्यावर सोडायची, ती भरून बुडाली की एक घटका झाली. लग्नाचा मुहूर्त याच घटिकापात्रावर धरायचे. घटका बुडते, तसा दिवसही बुडतो. आपल्या बायका 'दिवस बुडाला' म्हणतात, त्यात हेच पाणी आहे असं आम्हाला वाटतं. हा आमचा तर्क, कुठल्या पुस्तकातला नाही.

पुढच्या बैठकीत आम्ही एवढंच विचारलं की घड्याळ नव्हतं तेव्हा तुमच्या घरात वेळ कशी सांगायचे? कर्जफेडीच्या चर्चेला कधी एवढ्या जणी एकदम बोलत नाहीत! पोरीला लिहिता लिहिता पुरेवाट झाली. तांबडं फुटलं. फटफटलं. दिवस कासराभर वर आला. न्याहारीची वेळ. दिवस डोक्यावर आला. उन्हं कलली. दिवस बुडाला. कडुसं पडलं. दिवेलागण. जेवणवेळ. निजानीज.

यातला 'कासराभर' आम्हाला फार आवडतो. कासरा म्हणजे बैलाला धरायचा दोर. जमिनीपासून कासऱ्याच्या लांबीएवढा सूर्य वर आला, तर दिवस कासराभर वर आला. हातात जे अवजार, त्यानंच आभाळ मोजलं. आमच्या गटातल्या म्हाताऱ्या बाया आपल्या लेकरांच्या जन्माची वेळ अजून अशीच सांगतात.

पहाटेलाही शब्दांची कमी नाही. झुंजूमुंजू म्हटलं की काही दिसतं काही दिसत नाही, अशी ती वेळ डोळ्यांपुढं उभी राहते. पहाटेचे शब्द बायकांकडे जास्त, कारण त्या वेळी जात्यावर बाईच बसलेली असायची. हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायांकडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या म्हणणाऱ्या कितीतरी जणींना लिहिता येत नव्हतं.

आता सांजेचे शब्द. गोरज म्हणजे गाईंच्या खुरांनी उडालेली धूळ. चरायला गेलेली जनावरं परत फिरतात, वाटेवर धुरळा उठतो, त्यातून तिरपं ऊन येतं, म्हणून त्या वेळेचंच नाव गोरज. हिंदीत गोधूलि म्हणतात तेच. आता चरायला जाणारी जनावरं कमी झाली, रस्त्यावरची धूळ ट्रॅक्टर उडवतो. गोरज उरला लग्नपत्रिकेवर. पत्रिकेत 'गोरज मुहूर्तावर' छापतात आणि अक्षता पडतात रात्री साडेआठला, वरातीतला नाच संपल्यावर.

दिवेलागण हा तर लावण्याचा शब्द. आपण रोप लावतो, आलं लावतो, उसाची लागण करतो आणि दिवाही लावतो. कुंकू लावतो. लेकराला शाळेची सवय लावतो. कुणाला जीव लावतो, आणि रात्री कडीही लावतो. रोप लावलं की त्याला जपावं लागतं, दिव्यालाही पदराआड धरावं लागतं, म्हणून दोन्हीला एकच क्रिया असेल का? एक बाई म्हणाली, "आन् कोरोनाची लागण?" सगळ्या हसल्या. पण बरोबरच आहे, तीही एकीची दुसरीला लागते, दिव्यानं दिवा लागावा तशी. दिवा घालवताना मात्र आपण जपून बोलतो. 'विझव' म्हणत नाही, 'मालव' म्हणतो, 'शांत कर' म्हणतो.

सांज हा शब्द संस्कृत संध्येवरून, प्राकृतातल्या 'संझा'वरून आला. संध्या म्हणजे जोड, दिवस आणि रात्र जिथं जोडलेत ती जागा. हाडांचा सांधा त्याच गोतातला, आणि 'संधी'ही त्यातलीच. हे सांगितलं तेव्हा गुडघ्यावर हात ठेवून बसलेल्या एका मावशी म्हणाल्या, "म्हनूनच ठनकत आसंल. सांधाच दुखतो नं बाई, हाड कुठं दुखतंय." इंग्रजीतल्या 'ट्वायलाइट' या दुसऱ्या शब्दातला 'ट्वाय'ही 'दोन' या अर्थाच्या जुन्या शब्दातून आलाय. तिकडंही ही वेळ दोहोंच्या मधलीच.

ऐन करकरीत तिन्हीसांजेला झाडू नये, केस विंचरू नये, दूध-मीठ उसनं देऊ नये, झोपू नये, असं आपण ऐकत आलो. झाडण्याचं आम्हाला पटतं. चिमणीच्या उजेडात केर काढला तर नाकातली फुली नाही तर पोतीचा मणी केराबरोबर उकिरड्यावर जायचा. पण दिवसभर कापूस वेचून अंग मोडलेल्या बाईनं त्या वेळी पाठ टेकली, तर लक्ष्मी काही रागावून परत जात नाही. तिला पडू द्या.

शब्द गोड असला म्हणजे वेळ गोड होती असं नाही, हेही त्याच बैठकीत कळलं. आजीच म्हणाली, "आमी कडुशाची वाट बघायचो, ती काही आभाळ बघाया नव्हं." घरात संडास नव्हते तेव्हा बायकांना बाहेर जायला दोनच वेळा, झुंजूमुंजूच्या आधी आणि कडुसं पडल्यावर. मधले बारा-तेरा तास दाबून धरायचं. पाणी कमी प्यायचं. रस्त्याच्या कडेला बसलं आणि गाडीचा दिवा आला की उठून उभं राहायचं, गाडी गेली की पुन्हा बसायचं. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणजे हालही मोठे. 2014 नंतर स्वच्छ भारतात घरोघर संडास झाले. पण जिथं संडासात टाकायला पाणीच नाही, तिथल्या बाया अजून अंधाराची वाट बघतात. पोर हे लिहून घेत होती. मध्येच तिचा पेन थांबला. आजीनं हे तिला कधी सांगितलं नव्हतं.

आणि आता कातरवेळ. हा शब्द आपल्या तोंडी फारसा नसतो, गाण्यात-कवितेत असतो. वेळ तीच, कडुशाची. पण कडुसं म्हटलं की उजेड कळतो, कातरवेळ म्हटलं की जीव कळतो. संस्कृतात 'कातर' म्हणजे भ्यालेला, व्याकूळ झालेला. आवाज कातर झाला, असं आपण म्हणतोच. म्हणजे ज्या वेळी जीव व्याकूळ होतो ती कातरवेळ. कानाला यात कातरणं ऐकू येतं, कात्री आठवते. कात्रीचं घराणं वेगळं, ती 'कर्तरी'वरून आली. पण एकजण म्हणाली, "कातरतंच की आतून," तर आम्ही तिला व्याकरण सांगत बसलो नाही.

हे बोलणं चाललं असताना आमच्या गटातली एक ताई गप्प होती. तिचा नवरा जाऊन तीन वर्षं झाली. ती हळूच म्हणाली, "म्हंजे ह्याला नाव हाय?"

मग तिनं सांगितलं. दिवसभर शेतात काही होत नाही. कडुसं पडलं, शेतातून परतणाऱ्या मोटारसायकलींचे आवाज सुरू झाले की पोटात कालवतं. एखादी गाडी दारापुढं हळू झाली की छातीत धस्स होतं. मग ती गोठ्यात जाऊन बसते. सासूला वाटायचं, स्वयंपाक टाळते. दवाखान्यात गेली, तिथं 'काय होतं' असं विचारलं. "काही नाही, पोटात कालवतं," एवढंच तिला सांगता आलं. त्यावर पित्ताच्या गोळ्या मिळाल्या. तिनं त्या वर्षभर घेतल्या. गोळ्या देणाऱ्याचं चुकलं असं तरी कसं म्हणायचं? तिनं जे सांगितलं त्यावर औषध दिलं. सांगायला शब्दच नव्हता.

ती बोलल्यावर आणखी चौघी बोलल्या. एकीचा मुलगा पुण्याला कंपनीत आहे, तिला याच वेळी तो जेवला असेल का असं होतं. एक नवी सून, सासरी आल्यापासून रोज दिवेलागणीला तिला माहेरचं अंगण दिसतं. ही हुरहूर जगभर असावी, कारण ही वेळ परतण्याची. जनावरं परततात, पाखरं परततात, माणसं परततात. जे परत येत नाही ते याच वेळी आठवणार.

पण एक गोष्ट वेगळी करून सांगायला हवी. कातरवेळ येते आणि चूल पेटली, लेकरं भोवती जमली की जाते. ती गेलीच नाही, सकाळीही तसंच वाटतंय, झोप-भूक उडालीय, कशातच मन लागत नाही, आणि असं दोन आठवडे चाललंय, तर ते दुखणं आहे. त्याला उपचार आहेत. जगूच नये असं मनात आलं, तर दोन आठवडेसुद्धा थांबायचं नाही, त्याच दिवशी कुणाला तरी सांगायचं. सरकारची टेली मानस नावाची फोनसेवा आहे, ऑक्टोबर 2022 पासून. नंबर 14416. पैसे पडत नाहीत, दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येतं. नंबर कुठं लिहून ठेवायचा तर पिठाच्या डब्याच्या झाकणावर, तिथं रोज हात जातो. त्या ताईबरोबर आता गावच्या आशाताई डॉक्टरकडे जातात. आणि साडेसहाच्या सुमाराला शेजारच्या दोघी निवडायचं धान्य घेऊन तिच्या ओट्यावर येऊन बसतात. बोलायलाच हवं असं काही नाही. गाड्यांचे आवाज आले की एकटी नसावी, एवढंच.

ग्लोमिंगची सगळी हकीकत ऐकल्यावर पोरीनं विचारलं होतं, "म्हणजे तो त्यांच्याकडचा गावंढळच शब्द होता?" होताच. शहरानं टाकला आणि गावानं ठेवला. 'अशुद्ध' लिहिणाऱ्यांचा आम्हाला राग नाही, त्यांनाही कुणीतरी तसंच शिकवलं असेल. परीक्षेत प्रमाण भाषा लिहावी लागते, ती पोरीनं शिकावीच. पण अशुद्ध आणि बोलीतला यात फरक आहे. कडुसं बोलीतला आहे, त्याला ठरलेला अर्थ आहे, आणि त्या 24 मिनिटांसाठी त्याच्याइतका नेमका शब्द आम्हाला अजून सापडलेला नाही.

बैठक संपली तेव्हा ओसरीवर समोरच्याचं तोंड जेमतेम दिसत होतं. आजीनं पोरीकडं बघितलं, पण काही म्हणाली नाही. पोरीनं इतिवृत्ताची शेवटची ओळ लिहिली आणि वही सहीसाठी आमच्यापुढं सरकवली. लिहिलं होतं, 'कडुसं पडल्यावर बैठक संपली.' सचिव ताई वाकून म्हणाल्या, "अगं, तपासणीला वही जाते, वेळ लिही." तेव्हा तिनं त्याच ओळीपुढं, आधीचं न खोडता, 7 वाजून 5 मिनिटं असं लिहिलं. आम्ही सही केली.